गणपतीला घाट उतरणार असाल तर गाडीचं आधी काय बघायचं?

तिसरा गिअर

दरवर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी गॅरेजमध्ये रांगा लागतात. त्या गर्दीत 'जनरल चेकअप' म्हणून ऑइल, फिल्टर आणि वॉशिंग होतं आणि गाडी परत मिळते. आंबोली, करूळ, आंबा, कुंभार्ली किंवा वरंध उतरताना गाडीची खरी परीक्षा होते ती ब्रेक, टायर आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची). म्हणून हा धागा. सुरुवात ब्रेकपासून करतो, बाकीच्या जाणकारांनी भर घालावी.

आधी हिशोब बघा. पाच माणसं, सामान आणि गाडी मिळून १,४०० किलो वजन समजा. घाटात ५०० मीटर उंची उतरलो, तर जी ऊर्जा सोडावी लागते तिच्यात सुमारे २३ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत जाईल. थोडी उष्णता वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते. उरलेली एक तर इंजिन घेतं, नाहीतर ब्रेक. गाडी न्यूट्रलला टाकली की सगळा भार ब्रेकवर येतो.

ही उष्णता पॅडमधून (चाकाच्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणारा तुकडा) कॅलिपरमध्ये (पॅड दाबणारा भाग) आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, तो त्याचा गुणधर्मच आहे. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) नवीन असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. पेडल स्पंजसारखं खाली जातं, पण गाडी थांबत नाही. दहा मिनिटांनी सगळं थंड झालं की पेडल पुन्हा नॉर्मल, त्यामुळे गॅरेजमध्ये 'काही फॉल्ट नाही' असं सांगतात. फॉल्ट त्या जुन्या ऑइलमध्ये असतो.

म्हणून दर दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, पूर्ण ब्रेक ऑइल बदला. छोट्या गाडीला चारही चाकांतून जुनं काढून नवं भरायला पाऊण ते एक लिटर लागतं. मॅन्युअलमध्ये डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. ते यात कधीही मिसळू नका. बाटली सीलबंद हवी. गॅरेजच्या फळीवरची अर्धी उघडी बाटली चालणार नाही, तिच्यातही पाणी मुरलेलं असतं.

---

कोकणगाडी

ब्रेक ऑइलचा रंग अजून पिवळसरच आहे, लेव्हल थोडी खाली आहे. गॅरेजवाले म्हणतात 'टॉप-अप करून देतो, बदलायची गरज नाही'. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१७ ची, ७२,००० किमी. मागे ऑइल कधी बदललं याची नोंद बिलात नाही. जायचं पुणे ते सावंतवाडी, आंबोलीमार्गे.

---

पाना-पक्कड

@कोकणगाडी, नोंद नाही म्हणजे बदललेलं नाही असंच धरा. रंगावरून पाण्याचा अंदाज येत नाही. टाकीत बुडवायचा पेनसारखा टेस्टर मिळतो. त्यात ३ टक्क्यांच्या आसपास दाखवलं तर वाद संपला. टेस्टर नसेल तर वय बघा.

टॉप-अपला घाई करू नका. लेव्हल खाली जाण्याची कारणं दोनच. एक म्हणजे पॅड घासले आहेत. कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर आला, त्याच्या मागची जागा ऑइलने भरली, म्हणून टाकीत कमी दिसतं. दुसरं कारण गळती. पॅड घासलेले असताना टॉप-अप केलं आणि नंतर नवे पॅड बसवले की पिस्टन मागे ढकलताना ऑइल टाकीतून बाहेर सांडतं. ते गाडीच्या रंगावर पडलं तर रंग फुगून निघतो. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

ऑइल बदलताना उभं राहून बघा. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइलवर दाब देणारा भाग) सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही कंपन्यांचा क्रम वेगळा असतो, तिथे मॅन्युअल प्रमाण. निपलला (चाकाजवळचा ऑइल सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. टाकीतली लेव्हल 'मिन'च्या खाली जाऊ द्यायची नाही. हवा एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये शिरली तर काही गाड्यांत स्कॅनर लावल्याशिवाय ती निघत नाही.

आणखी एक गोष्ट बरेच मेकॅनिक पाळत नाहीत. जुन्या गाडीत पेडल पार तळाला दाबू नये. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं रबर जिथपर्यंत जातं त्याच्या पुढचा भाग गंजलेला, खरखरीत असतो. पेडल तिथपर्यंत नेलं की रबराची कड फाटते आणि काम चांगलं होऊनही दोन दिवसांनी पेडल हळूहळू खाली बसायला लागतं. पेडलखाली एक-दीड इंचाचा लाकडी ठोकळा ठेवा, प्रश्न मिटतो.

---

तिसरा गिअर

ठोकळ्याला +१.

आता पॅड. 'पॅड ओके' असं चाक न काढता सांगितलं तर मानू नका. पुढच्या चाकातला बाहेरचा पॅड स्पोकमधून दिसतो, आतला दिसत नाही, आणि बऱ्याचदा आतलाच जास्त घासतो. नवा पॅड लोखंडी पट्टी सोडून साधारण १० मिमी असतो. ३ मिमी राहिला असेल तर घाटाआधी बदला. आतला ३ आणि बाहेरचा ७ असा फरक दिसला तर नुसते पॅड बदलून उपयोग नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत. पिना काढून, गंज पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवायच्या. साधं चाकाचं ग्रीस तिथे लावलं की रबरी बूट फुगतो आणि पिन पुन्हा अडकते. आपल्या दमट हवेत हा प्रकार फार दिसतो.

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर 'मिन' असं लिहून जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियरने मोजा. आकड्याच्या खाली गेली असेल तर लेथवर घासून देण्याची ऑफर नाकारा, पातळ डिस्क लवकर तापते.

---

पाना-पक्कड

मागचे ड्रम विसरू नका. वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. ड्रम काढून लायनर (ड्रमला आतून घासणारा थर) बघा, आणि व्हील सिलिंडरचं (लायनर ड्रमवर दाबणारा भाग) रबरी टोपण नखाने किंचित उचला. आत ओलसर दिसलं तर सिलिंडर बदलायचा, दोन्ही बाजूंचा. लायनरवर ऑइल लागलं असेल तर लायनरही गेलं. ते पॉलिश पेपरने घासून परत बसवतात, पण ऑइल आत मुरलेलं असतं आणि गरम झालं की पुन्हा वर येतं. हँडब्रेक ५ ते ८ टकटकींत धरायला हवा. जास्त लागत असतील तर आधी लायनर ॲडजस्ट करा, मग केबल. उलटं केलं तर लायनर ड्रमला घासत राहतं.

---

सह्यवाट

ब्रेकबद्दल सहमत. पण उतरताना ब्रेक कमी वापरायचे तर गिअर नीट वापरायला हवा. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आंबोली-करूळसारख्या ठिकाणी बहुतेक दुसरा. न्यूट्रलला पेट्रोल वाचतं हा समज इंजेक्शनच्या गाड्यांना लागू नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की कंप्युटर इंजेक्टर बंदच करतो, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. आणि इंजिन बंद करून उतरणारे अजून दिसतात. ते करूच नका, दोन-तीन दाबांनंतर ब्रेकच्या बूस्टरमधला (पेडल हलकं करणारा भाग) व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

ब्रेक सतत हलका दाबून धरू नका. वेग वाढला की ठाम दाबा, कमी झाला की पूर्ण सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला हवा लागते.

एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी) असेल तर मॅन्युअल मोडला टाकून २. चढावर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो. ब्रेक किंवा हँडब्रेक लावा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी घाटमाथ्यावर १०० टक्के चार्ज करून लगेच उतरू नये. बॅटरीत जागा नसेल तर रीजन ब्रेकिंग (मोटरने वेग कमी करून बॅटरी चार्ज करणं) जवळजवळ मिळत नाही.

---

सागरकिनारा

परतीच्या चढाचं कोणीच बोललं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, पुढे एसटीची रांग, वेग १५. गाड्या गरम होतात त्या इथे. माझं मत: निघण्याआधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा वॉल्व्ह) काढून टाकावा, पाणी सतत फिरत राहतं. जुने मेकॅनिक हेच करायचे.

---

पाना-पक्कड

@सागरकिनारा, इथे ठाम विरोध. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. घाटात तो पूर्ण उघडाच असतो, म्हणजे तो काढून जास्तीचं काही मिळत नाही. बऱ्याच इंजिनांत तर तोच वॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर बायपासचा रस्ता बंद करतो. वॉल्व्हच काढला की बायपास कायमचा उघडा, काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरतं, आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. सपाटीवर इंजिन थंड राहतं, कंप्युटर जास्त पेट्रोल सोडतो, ते इंजिन ऑइलमध्ये उतरतं. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा बसवा. काढलेला वॉल्व्ह पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून गरम केला की उघडतो का ते दिसतं.

चढावर गाडी गरम होण्याची कारणं मी या क्रमाने तपासतो. रेडिएटर कॅप सगळ्यात आधी, कारण ते सगळ्यात स्वस्त. कुकरची रिंग सैल झाली की डाळ शिजत नाही, तसंच आहे. कॅपची स्प्रिंग दाब धरते म्हणून कूलंट १२० अंशांच्या पुढेही उकळत नाही. रबर चिरलेलं किंवा स्प्रिंग ढिली असेल तर ते बरंच आधी उकळून बाटलीतून बाहेर पडतं. मग फॅन. गाडी उभी करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. एसी बंद करून १०-१५ मिनिटं आयडलला ठेवा, काटा मध्यावर आला की फॅन आपोआप सुरू होऊन बंद व्हायला हवा. नाही झाला तर फ्यूज, रिले, सेन्सर या क्रमाने बघा. त्यानंतर एसी कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली माती. तिथे साध्या पाइपने, इंजिनच्या बाजूने बाहेर पाणी मारा. प्रेशर वॉशरने जाळीच्या पात्या वाकतात आणि हवा कायमची अडते. शेवटी वॉटर पंप. त्याच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून सुकलेल्या कूलंटचा ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं.

---

कोकणगाडी

कूलंट नक्की कोणता? हिरवा होता, गॅरेजवाले लाल टाकतो म्हणतात. आणि आपल्याकडे बर्फ पडत नाही तर नुसतं पाणी का चालू नये?

---

पाना-पक्कड

रंग हा फक्त रंग असतो, त्याला कोणतंही स्टँडर्ड नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार बघा. आधीचा कोणता हे माहीत नसेल तर मिसळू नका. पूर्ण काढा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि नवा भरा. छोट्या गाडीला ४ ते ६ लिटर लागतो. 'कॉन्सन्ट्रेट' असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी. 'रेडी मिक्स' लिहिलं असेल तर एक थेंबही पाणी नको. रेडी मिक्समध्ये पुन्हा निम्मं पाणी घालणं ही नेहमीची चूक आहे.

बर्फाचा मुद्दा बरोबर, पण कूलंट फक्त त्यासाठी नसतो. तो उकळण्याची मर्यादा वाढवतो आणि ॲल्युमिनिअमला गंजापासून वाचवतो. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, कुकरच्या तळाला बसतात तसेच.

भरल्यावर हवा काढणं महत्त्वाचं. हीटर फुल गरमवर, इंजिन चालू, फॅन दोन वेळा येऊन जाईपर्यंत थांबा. वरचा होज गरम लागला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना लेव्हल पुन्हा बघा, बहुतेक वेळा थोडी उतरलेली असते.

वाटेत काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, खिडक्या उघड्या, आणि सुरक्षित जागा मिळताच बाजूला. वाफ येत नसेल आणि फॅन फिरत असेल तर इंजिन आयडलला राहू द्या. वाफ येत असेल तर लगेच बंद. गरम असताना कॅपला हात लावू नका, निदान पाऊण तास थांबा. घाईत तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं की हेडला तडा जाऊ शकतो.

---

वायरिंगवाला

इलेक्ट्रिकलचं थोडक्यात. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बदला. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दरम्यान हवी. लाइट, वायपर, ब्लोअर, मागची काच असं सगळं लावून मोजा, कारण पावसात ते सगळं एकदमच चालू असतं. तेव्हा १३ च्या खाली जात असेल तर आधी बेल्ट, मग अल्टरनेटर. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, कोरडं करा, व्हॅसलीन लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

---

सह्यवाट

टायर. कायद्याने नक्षी १.६ मिमी चालते, पण पावसाळी घाटात ३ मिमीच्या खाली नको. नक्षीच्या खाचांतून पाणी बाहेर फेकलं जातं. खाच उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगतो. बाजूला कोरलेले चार आकडे बघा. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर टणक झालेलं असू शकतं.

हवा ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरप्रमाणे, पूर्ण भाराचा आकडा घ्या, टायर थंड असताना. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करायची नाही. कमी हवेचा टायर पाण्यावर जास्त लवकर तरंगतो.

दोनच नवे टायर घेणार असाल तर मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. इथे बरेच जण वाद घालतील. पण पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडून सावरता येते. मागचं घसरलं तर गाडी वळणावर गरकन फिरते.

---

सागरकिनारा

थर्मोस्टॅटचं पटलं, धन्यवाद. आंबोलीच्या धुक्यात काच आतून धुरकट होते, त्यावर काय?

---

वायरिंगवाला

एसी चालू, हवा पुढच्या काचेवर, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद म्हणजे बाहेरची हवा आत. पाच ओले प्रवासी असताना आतलीच हवा फिरवली तर काच कधीच साफ होणार नाही. पण वायपर फिरवल्यावर काच स्वच्छ होत असेल तर दव बाहेरच्या बाजूला आहे. मग एसीचं तापमान वाढवा, काच फार थंड झाली आहे. धुक्यात हेडलाइट लो बीमवर. चालत्या गाडीत हझार्ड लावू नका, मागच्याला तुमचा इंडिकेटर दिसत नाही.

वायपरची रबरं दर पावसाळ्याआधी बदला. नवी लावूनही काचेवर इंद्रधनुषी पट्टा राहिला तर दोष काचेवरच्या तेलकट थराचा आहे, काच पॉलिशने घासून घ्या. वायपरखालच्या जाळीतली पानं काढा. तिथलं भोक तुंबलं की पाणी डॅशबोर्डमागून पायाशी येतं. पायाशी पाणी आलं तर ते कुठलं हे ओळखता येतं: एसी लावल्यावरच येणारं स्वच्छ पाणी म्हणजे एसीची निचरा नळी तुंबली, चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरचा कॉइल गळतोय.

---

तिसरा गिअर

मोरीवरून पाणी वाहत असेल तर त्याबद्दल. सिलिंडरमध्ये पिस्टन सगळ्यात वर असताना किती जागा उरते बघा. १,१९७ सीसीचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, कॉम्प्रेशन ११:१, तर एका सिलिंडरमध्ये ३० सीसी, म्हणजे सहा चहाचे चमचे. १,२४८ सीसी डिझेल, १७.६:१, तर १९ सीसी, चार चमचेही नाहीत. एवढं पाणी हवेच्या पाइपातून आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही.

पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर असेल, किंवा वाहतं असून तळ दिसत नसेल, तर घालू नका. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. ढकलून बाहेर काढा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, टो करा. गॅरेजमध्ये स्पार्क प्लग (डिझेलला ग्लो प्लग किंवा इंजेक्टर) काढून मगच इंजिन हाताने फिरवायचं. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर फिल्टरसकट बदला. साध्या पॉलिसीत अशा इंजिनाचा खर्च सहसा बसत नाही, 'इंजिन प्रोटेक्ट' ॲड-ऑन आहे का ते आत्ताच बघा.

पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक ओले असतात, ड्रम जास्त. मागे कोणी नाही हे पाहून हळू वेगात हलका ब्रेक दाबून ते सुकवा.

---

कोकणगाडी

सगळ्यांचे आभार. गॅरेजच्या एस्टिमेटमध्ये आणखी चार गोष्टी आहेत: इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं), डिकार्बोनायझिंग (इंजिनातली काजळी काढणं), इंधनात टाकायचं ॲडिटिव्ह, अंडरबॉडी कोटिंग. ठेवू की काढू?

---

पाना-पक्कड

पहिल्या तिन्ही काढा. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनाला फ्लश लागत नाही, आणि तक्रार नसेल तर बाकी दोन्हीही नाहीत. तेच पैसे ब्रेक ऑइल, कॅप आणि वायपरला वापरा. अंडरबॉडी कोटिंग समुद्राकाठी राहणाऱ्या गाडीला उपयोगी आहे, पण भर पावसात ओल्या, चिखलाच्या पत्र्यावर मारलं तर आत पाणी कोंडून गंज वाढतो. ते उन्हाळ्यात करा. दाराच्या तळाची भोकं त्यात बुजू देऊ नका.

काम निघण्याच्या निदान दहा दिवस आधी करा. नवे पॅड बसायला २००-३०० किमी लागतात, तोवर जोराचा ब्रेक टाळा. चाकं काढली होती, तेव्हा ५०-१०० किमीनंतर नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला पुन्हा तपासा. स्टेपनीची हवा बघा. ती मूळ टायरपेक्षा लहान असेल तर ८० च्या वर वेग नको. आणि जॅक व चाकाचा पाना सामानाच्या वर ठेवा. पावसात भरलेली डिकी रस्त्यावर रिकामी करावी लागते.

---

कोकणगाडी

उद्या टेस्टरने ब्रेक ऑइल मोजून घेतो आणि चारही चाकं काढायला सांगतो. आकडे इथेच टाकेन.